टेकडीवरचा शेंदूर

बाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि सोळा वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता त्यांचा विषय निघाला की लोक हात जोडून बोलतात. मला ते जमणार नाही. माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बोरिवली पूर्वेला नदीच्या काठाला लागून बाईंचं बैठं घर होतं. घराला चिकटून पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये माझी लाकडाची वखार. मी संगमेश्वरकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या वखारीत ओंडके उचलायचो. उचलता उचलता लाकूड ओळखायला शिकलो, मग माणसं, आणि मग भाव करायला. पडलेली, कापलेली झाडं घ्यायची, बेकऱ्यांना आणि स्मशानात जळण पुरवायचं, बरं असेल ते मरोळच्या खोकी बनवणाऱ्यांना द्यायचं, हा माझा धंदा. झाडांसाठी भांडणाऱ्या बाईने लाकूडवाल्याला जागा कशी दिली, असं लोक विचारायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं. "मेलेल्या झाडाशी माझं भांडण नाही. ते कशाने मेलं, एवढं मला कळलं पाहिजे."

म्हणून अट अशी की गाडी आली की आधी तोडीच्या परवानगीचा कागद बाईंना दाखवायचा. त्या तो उभ्याने वाचायच्या. कागद वाचून झाला की ओंडक्यांच्या बुंध्यांकडे बघायच्या. एकदा कागदावर तीन झाडं होती आणि गाडीत चौथ्याचा बुंधा निघाला. मी म्हटलं, "बाई, चौथं आपोआप पडलं असेल."

"पाहिलंस की ऐकलंस?"

हा त्यांचा प्रश्न. दिवसातून दहा वेळा विचारायच्या, दूधवाल्यालासुद्धा. मी म्हटलं, ऐकलं. "मग गाडी परत." गाडी परत गेली. त्या दिवशी मी इतका ओरडलो की पलीकडच्या सोसायटीतले लोक गॅलरीत आले. बाई शांतपणे दार लावून आत गेल्या आणि संध्याकाळी मला कोकमाचं सरबत पाठवलं. मी ते प्यायलो नाही. म्हणजे नंतर प्यायलो.

तीस वर्षं त्या कोर्टात स्टेनो होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची, कधीकधी दोन. सुती साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. महत्त्वाचं बोलायचं असलं की उठून उभ्या राहायच्या, मग ते स्वतःचं स्वयंपाकघर का असेना. 'मला वाटतं' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. आणि नदीला कुणी नाला म्हटलं तर त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. आमच्या भागात सगळेच नाला म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांशी त्यांचं बोलणं बंद होतं.

झाडांवर प्रेम वगैरे भाषा त्यांना खपायची नाही. एकदा कॉलेजची पोरं आली, झाडांना मिठ्या मारून फोटो काढायला लागली. बाई म्हणाल्या, "मिठ्या कसल्या मारताय? घेर मोजा आणि लिहून घ्या. झाड गेलं तर मिठी कोर्टात दाखवता येत नाही." वृक्षारोपणाला तर त्यांनी कधी हात लावला नाही. एका नगरसेवकाने रोप हातात दिलं तेव्हा त्यांनी ते परत त्याच्याच हातात ठेवलं. "लावायला फोटोपुरता वेळ लागतो. जगवायला कोण येणार, त्याचं नाव सांगा." नाव काही मिळालं नाही. नगरसेवक हसला, पण पुन्हा कधी आमच्या गल्लीत आला नाही.

आता टेकडीचं.

नदी जंगलातून उतरते तिथे डाव्या हाताला एक टेकडी आहे. पावसात तिच्यावर तीन ठिकाणी झरे फुटतात आणि नदीला येऊन मिळतात. टेकडीच्या पायथ्याला बैठी चाळ. कोकणातली माणसं, गिरणीतल्या माणसांची पोरं आणि नातवंडं. शेजारची टेकडी काही वर्षांपूर्वी बोडकी झाली होती, तेव्हा पुढच्याच पावसात तिच्या पायथ्याच्या घरांत गुडघाभर गाळ शिरला होता. चाळीतल्या सुलूताई, मासे विकणाऱ्या, त्या गाळातून गॅसची शेगडी खणून काढणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या बहिणीचं घर होतं ते. त्यामुळे आमच्या टेकडीवरच्या झाडांना एके दिवशी नोटिसा चिकटलेल्या दिसल्या तेव्हा सगळ्यात आधी सुलूताई बाईंकडे धावत आल्या.

"बाय, झाडां गेली तर टेकडी आमच्या घरात येतली."

वर एका बांधकामवाल्याचे टॉवर होणार होते आणि त्यांच्यासाठी टेकडीवरून रस्ता काढायचा होता. त्रेसष्ट झाडं. प्रत्येकावर पांढरा नंबर. हरकत घ्यायला थोडे दिवस, मग सुनावणी.

मला ते आधीच माहीत होतं. बांधकामवाल्याचा मॅनेजर माझ्याकडे येऊन गेला होता. त्रेसष्ट झाडांचं लाकूड उचलायचं काम मला देणार, असं बोलणं चाललं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. धंद्यात असंच असतं. बाईंना मी हे स्वतः सांगितलं, लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस," आणि पेन्सिलीला टोक करायला लागल्या. जा म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. मला हे सहन होत नाही. माणसाने शिवी द्यावी, पण काहीतरी द्यावं.

बाईंच्या अंगणात सभा भरली. चाळीतल्या बायका, सोसायटीतले निवृत्त काका, आणि मी, कारण अंगणातल्या खुर्च्या माझ्या वखारीतल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एका अर्जावर शंभर सह्या नकोत. त्रेसष्ट झाडं, त्रेसष्ट हरकती. प्रत्येक झाडाची जागा, घेर, कुठल्या झऱ्यावर उभं आहे, मुळं कुठे उघडी आहेत. ज्याने झाड पाहिलं त्याने लिहायचं. ज्याने पाहिलं नाही त्याने आधी वर जाऊन यायचं.

काका म्हणाले, "बाई, एवढं कोण वाचणार? त्यापेक्षा टेकडीवरच्या त्या उंबराखाली एक मूर्ती ठेवू. कोणाची हिंमत आहे हात लावायची?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी मानच डोलावली.

"देव आणायचा नाही," बाई म्हणाल्या. "देवाला दुसरी जागा देता येते. ते देतील, आरती करून देतील. झाडाला देता येत नाही. एकदा देव आणलात की भांडण देवाचं होतं आणि झाड बाजूला राहतं."

"पण बाई..."

"नाही."

मग पंधरा-वीस दिवस चाळीतल्या बायका टेप घेऊन टेकडी चढत होत्या. सुलूताई मासे विकून आल्या की घामाने भिजलेल्या पदरानेच वर जायच्या. मी खाली वखारीत बसून बघायचो. मॅनेजर रोज फोन करायचा. "तुम्ही आमच्या बाजूला आहात की त्या म्हातारीच्या?" मी म्हणायचो, बघू. त्याचा आवाज रोज थोडा मऊ होत होता, हे मला कळत होतं. तोड जितकी लांबत होती तितका सौद्यात माझा भाव वाढत होता, हेही कळत होतं.

एका दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, मी वखारीतला एक काळा दगड उचलला. ओंडके घरंगळू नयेत म्हणून टेकू लावायचा दगड. टेकडीवर नेला, उंबराच्या बुंध्याशी ठेवला, तेलात कालवलेला शेंदूर लावला, दोन जास्वंदी ठेवल्या आणि खाली आलो. पाच मिनिटांचं काम.

माझा अंदाज होता की दगड गपचूप राहील आणि वेळ आली की उपयोगी पडेल. पण आपल्या लोकांना शेंदूर दिसला की थांबता येत नाही. तिसऱ्या दिवशी नारळ, पाचव्या दिवशी घंटा. आठवड्यात कुणीतरी सिमेंट आणून उंबराभोवती चौथरा बांधला, थेट मुळांवर. वर पत्रा आला. पत्र्याला एका पुढाऱ्याचा फोटो असलेला बॅनर आला. तेलाचे दिवे खोडाला टेकवून ठेवायला लागले, साल काळी पडली. शनिवारी रांग लागायची. रांगेच्या पायाखाली टेकडीची माती सुटून झऱ्यात यायला लागली. झाडं वाचवायला ठेवलेल्या दगडाने तोडीच्या आधीच टेकडी खायला सुरुवात केली.

सुलूताई मला म्हणाल्या, "ह्यो दगड कोणी ठेवलो काय म्हायत. त्याचो हात झडो."

मी म्हटलं, "असं बोलू नये देवाबद्दल."

"देवाबद्दल नाय रे बोलतय. हाताबद्दल बोलतय."

बाई वर जाऊन दगड बघून आल्या. खाली आल्यावर वखारीत शिरल्या, ओंडक्यांच्या थप्पीपाशी थांबल्या, टेकूला दगडाऐवजी वीट लावलेली बघितली, आणि एक शब्द न बोलता घरात गेल्या. तेव्हाच त्यांना कळलं होतं. मला विचारता आलं असतं. चार भिंतींत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

सुनावणीची खोली छोटी होती. एका बाजूला बांधकामवाल्याचे वकील आणि मॅनेजर, एका बाजूला आम्ही, समोर अधिकारी. वकिलांनी झाडांचं नावच घेतलं नाही. टेकडीचे फोटो टेबलावर मांडले. चौथरा, पत्रा, बॅनर, रांग. "साहेब, ही पर्यावरणाची चळवळ नाही, ही जागा बळकावण्याची चळवळ आहे. झाडं हे निमित्त. आज पत्रा, उद्या भिंत. या त्रेसष्ट हरकती अतिक्रमण करणाऱ्यांच्या आहेत, त्या फेटाळाव्यात."

साहेबांनी फोटो बघितले. चेहऱ्यावरून कळत होतं की वकिलाचं त्यांना पटतंय. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "हे देवस्थान कधीपासूनचं आहे?"

काका ताडकन म्हणाले, "पूर्वापार, साहेब."

चाळीतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. सुलूताईंनी खाली बघितलं. मी पण खाली बघितलं. त्या एका शब्दावर आमच्या सगळ्या हरकती उभ्या होत्या आणि तो शब्द खोटा होता. वकील हसला. त्याच्याकडे टेकडीचे जुने फोटोही असणार, हे त्या हसण्यावरून माझ्यासारख्याला लगेच कळतं. काका अजून एक वाक्य बोलले असते तर संपलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. "पूर्वापार नाही, साहेब. अठरा दिवसांचं आहे. दगड आमच्यातल्याच माणसाने ठेवलाय. तो या खोलीत बसलाय. त्याने उभं राहून सांगावं."

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत नव्हतं, पण बघता बघता त्याला समजायला लागलं. मी बसून राहिलो असतो तर बाईंनी माझं नाव घेतलं असतं का? मला अजून माहीत नाही. मी उभा राहिलो.

"मी ठेवला."

"का ठेवलात?" साहेबांनी विचारलं.

"झाडं वाचावीत म्हणून."

मॅनेजर मोठ्याने हसला. "साहेब, हे लाकूडवाले. याच झाडांच्या लाकडाचं आमच्याशी बोलणं चाललंय यांचं."

खोलीतल्या प्रत्येकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढंच. इतकी वर्षं ओळखत होत्या मला. त्या माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "चौथरा आणि पत्रा आम्ही स्वतः उद्या काढतो. तो आमच्या हरकतींचा भाग नाही. झाडं त्याच्या आधीची आहेत. ती एकेक करून ऐकावीत, एवढीच विनंती. पहिलं झाड, नंबर एक, करंज."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "बोला."

दुपार उलटून गेली. प्रत्येक झाडासाठी त्या झाडाचं माणूस उभं राहिलं. सुलूताईंनी तीन झाडं सांगितली, घेरासकट, कागद न बघता. वकिलाने दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी चौथरा मी फोडला, एकट्याने. काका बाजूला उभे राहून "जपून, मुळं" म्हणत होते. मूर्तीची कल्पना त्यांचीच, आणि जपून मला सांगत होते.

निकाल आला. झऱ्यांच्या काठावरची एकेचाळीस झाडं राहणार. वरची बावीस जाणार, रस्ता वळवून न्यायचा. चाळीत पेढे वाटले. मला कुणी दिले नाहीत असं नाही, पण देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

आणि दोन दिवसांनी बाई वखारीत आल्या, उभ्याच राहिल्या. "ती बावीस तू उतरव."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दुसरा कोणी घेईल तर झाडं तोडून टेकडीवरून खाली लोटेल. खालची एकेचाळीस त्यात मोडतील. तुला दोराने उतरवता येतं. मी पाहिलंय."

"चारचौघांत मला चोर ठरवलंत, आणि आता काम सांगता?"

"चोर म्हणाले नाही. दगड ठेवणारा म्हणाले."

"मग एक करा. चाळीत या आणि सगळ्यांसमोर सांगा की याने दगड झाडांसाठी ठेवला होता. एवढं सांगा, मी उद्यापासून दोर लावतो. एक पान मोडू देणार नाही."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. "ते मी कसं सांगू? झाडांसाठी ठेवलास की तुझी किंमत वाढावी म्हणून ठेवलास, मी पाहिलेलं नाही."

मी इतका चिडलो की हातातला ओंडके ओढायचा हुक जमिनीवर फेकला. निघून जा म्हटलं त्यांना, त्यांच्याच जागेतून. त्या गेल्या. आयुष्यात मी जेवढे सौदे केले त्यात समोरचा काहीतरी सोडतो, मी काहीतरी सोडतो. या बाईने काही सोडलंच नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी टेकडी चढताना माझ्या डोक्यात नेमकं काय होतं, ते मलाही आता वेगळं काढून दाखवता येणार नाही. सुलूताईंच्या बहिणीची शेगडी होती. मॅनेजरचा मऊ होत जाणारा आवाजही होता. पण त्यातलं पहिलं होतंच. ते नव्हतं असं कुणी म्हणू नये.

काम मी घेतलं. बाईंसाठी नाही. दुसरा येऊन टेकडीची वाट लावेल ते मला बघवलं नसतं, म्हणून. शेंड्याकडून तुकडे करत, प्रत्येक तुकडा दोराला बांधून, कप्पीवरून सावकाश खाली. बाई रोज छत्री टेकत पायथ्याला उभ्या असायच्या. बोलायच्या नाहीत. मीही नाही.

शेवटच्या दिवशी त्या नव्हत्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सुलूताई त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. सकाळी मी वर गेलो तर झऱ्याच्या वळणावरच्या जांभळाला लाल रंगाचं कडं मारलेलं. तोडायच्या झाडांना असतं तसं.

मी खिशातली यादी काढली. मॅनेजर म्हणाला, "यादीत बघू नका, झाडावर बघा. रस्त्याचं मशीन वळायला आडवं येतंय ते. एकच झाड. पुढच्या साइटचं सगळं लाकूड तुमचं."

"हे राहणाऱ्यांत आहे."

"कोण सांगणार? म्हातारी तर आज डोळे बांधून पडलीय. आणि तुम्ही कधीपासून साधू झालात?"

माझी माणसं दोर धरून माझ्याकडे बघत होती. कटरवाल्याने झाड कापायचं मशीन चालू केलं होतं, नुसतं फिरत होतं. भाव चांगला होता. पुढची साइट मोठी होती, दोन वर्षं पुरली असती. मी कटरवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं. थिनरची बाटली मागवली, चिंधी भिजवली आणि ते लाल कडं पुसायला बसलो. साल खडबडीत, खाचांतला रंग निघेना. मॅनेजर वर उभा राहून शिव्या देत होता. मीही दिल्या, त्याच्यापेक्षा चांगल्या. कडं निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग मी झाडाला पाठ लावून, रस्त्याचं मशीन टेकडी उतरून जाईपर्यंत तिथेच बसलो.

पुढची साइट गेली. त्या मॅनेजरने इतर दोन-तीन ठिकाणीही माझं नाव खराब केलं.

आठवड्याने बाई काळा चष्मा लावून टेकडीवर आल्या. अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून एकेका झाडाला हात लावून मोजत होत्या. मी खालून बघत होतो. जांभळापाशी त्या पोचल्या, हात लावला, पुढे गेल्या. मी वर गेलो असतो तर सांगता आलं असतं. पण मला माहीत होतं त्या काय विचारणार. त्यांनी ते पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं ती माझी पगारी माणसं.

त्या खाली आल्या, वखारीच्या दारात थांबल्या.

"एकेचाळीस आहेत."

"असणारच," मी म्हटलं आणि करवतीला धार लावत राहिलो.

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. टेकडीवर त्यांच्या नावाची पाटी लावायचं चाळीत चाललंय, त्यावर 'बाईंनी वाचवलेली एकेचाळीस झाडं' असं लिहिणार आहेत. मजकूर बघायला माझ्याकडे आणला होता. मी काही बदल सुचवला नाही. चाळीस त्यांची आहेत, मी पाहिलंय. वळणावरचं जांभूळ माझं आहे, आणि हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय.